वायरची लांबी

मामांच्या लेंग्याच्या खिशात हात घातला आणि माझं बोट पलीकडे निघालं. शुक्रवारची, सुटीची दुपार होती, मशीन लावायचं होतं, आणि धुण्याआधी सगळ्यांचे खिसे चाचपायची मला सवय आहे. माझ्या नवऱ्याच्या, मयुरेशच्या खिशात पार्किंगची पावती निघते, मामांच्या खिशात बडीशेप. या वेळी भोक निघालं, रुपयाएवढं. मी लेंगा खिडकीच्या उजेडात धरला. सुती कापड ज्वाळेनं जळलं तर कड काळी आणि भुसभुशीत होते, चोळली की बोटाला राख लागते. ही कड तपकिरी होती, कडक होती. म्हणजे ज्वाळा नव्हती. एकाच जागी बराच वेळ काहीतरी तापत राहिलं होतं, आणि कापडाच्या आतल्या बाजूला माणूस होता. हे सगळं मी एकापाठोपाठ एक लक्षात घेतलं. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. हल्ली माझं असं होतं. गोष्ट आधी कळते, आणि वाटायची ती वाटेतच कुठेतरी राहते. मशीनचं दार उघडं टाकून मी लेंगा घेऊन हॉलमध्ये गेले.

मामा, म्हणजे माझे सासरे, सोफ्याच्या कडेवर बसले होते. ते सोफ्यावर कधी नीट टेकत नाहीत.

"मामा, हे काय झालं?"

त्यांनी भोकाकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "उंदरानं कुरतडलं आसंल."

"आठव्या मजल्यावर?"

"लिफ्ट हाय की."

"ते यंत्र कुठे आहे तुमचं?"

त्यांनी उशीखाली हात घातला आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेट काढून माझ्यासमोर धरली. चपटी, निळी, हातात मावेल एवढी. तिच्या पोटाला फुगवटा आला होता. आतली लिथियमची बॅटरी उन्हात तापली की असं होतं, आणि मामा ती बाल्कनीच्या कठड्यावर ठेवत असत, आखातातल्या सनाबिसच्या जुलैमध्ये. मी ती चिमट्यात धरून बाहेर नेली आणि तुळशीच्या रिकाम्या कुंडीतल्या वाळूत पुरली. तुळस मागच्या उन्हाळ्यातच गेली होती.

"आता मांडी दाखवा."

"आगं, सुनंला मांडी दावू व्हय मी?"

मग मयुरेशला झोपेतून उठवलं. ते दोघं मामांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि मी बाहेर दाराशी उभी राहिले. "कातडी पांढरी पडलीय का लाल आहे?" मी दारातून विचारलं. "लाल आहे. दोन फोड आहेत. वर टूथपेस्ट थापलीय यांनी." "ते गार पाण्यानं धुऊन काढ. चोळू नकोस." "तात्या, हलू नका," मयुरेश वडिलांना म्हणाला. "आरं गार हाय त्ये!" "जळलं तेव्हा ओरडला नाहीत, आता ओरडताय?" माझं कपाळ दाराला टेकलं होतं. दाराचा पांढरा रंग गुळगुळीत आणि थंड होता. या दाराला मी असं कपाळ लावून पूर्वीही उभी राहिले होते, तेव्हा आत कोणीच नव्हतं.

मामा म्हणजे गुंडूतात्या, विट्याजवळच्या एका गावचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाव त्यांना तात्या म्हणतं आणि मयुरेशही. मी मामा म्हणते, कारण मथुराआत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, लग्नानंतर तसं शिकवलं. आत्या गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या दहाव्याला सगळी बायकामंडळी रडत होती आणि मी घाटावरच्या पाण्याकडे बघत होते. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि त्यात रंग होते, रंग कसे दिसतात याचं कारण मला माहीत होतं आणि तेच माझ्या डोक्यात चालू होतं. त्यानंतर मामा आमच्याकडे आले. येताना त्यांची छाती इतकी वाजत होती की विमानात शेजारच्या बाईनं जागा बदलून मागितली. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं की फुप्फुसं जेवढी उरलीत तेवढ्यावर भागेल, पण विडी ओढलीत तर पुढचा झटका निभणार नाही. इथे विडी सहजासहजी मिळत नाही हे मयुरेशला बरं वाटलं. आठवडाभरात मामा गुदैबिया भागातल्या एका किराणा दुकानातून बंडल घेऊन आले. टॅक्सीवाल्याशी कोणत्या भाषेत बोललात असं विचारलं तर म्हणाले, "ड्रायव्हर-ड्रायव्हरला भाषा कशाला लागती?" मग मयुरेशनं हे यंत्र आणलं. आंब्याच्या स्वादाचं. मामांनी पहिला झुरका घेतला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "आंबा न्हाई ह्यो. आंब्याचं भूत हाय." पण विडी सुटली. छातीचा आवाज कमी झाला. भारतात या यंत्रांवर बंदी आहे, ते गावी नेता येणार नाही. त्यामुळे मामांचं इथे राहणं आणि मामांचा श्वास या दोन गोष्टी आमच्या घरात एकमेकींना बांधल्या गेल्या, आणि ते आम्ही कोणी मोठ्यानं बोललो नाही.

मयुरेश खोलीतून बाहेर आला तो हात पुसत. तो बँकेत ऑडिटला आहे, धोका हा शब्द दिवसभर वापरतो. "झोपेत पेटलं असतं म्हणजे?" तो म्हणाला. "गादी, पडदे. वर-खाली बिऱ्हाडं आहेत. दिवसभर ते एकटे असतात, इरा. मी रोज ऑफिसात बसून हाच विचार करायचा का?"

"मग?"

"मी तिकीट बघतो. पुढच्या शुक्रवारचं. गावाला शेजार आहे, माणसं आहेत."

"विडी आहे."

"मला माहीत आहे तिथे काय आहे." तो खुर्चीवर बसला आणि डोळे चोळू लागला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या आईच्या वेळी त्याला पोचायला उशीर झाला होता आणि तेव्हापासून तो प्रत्येक गोष्ट उशीर होण्याआधी करून टाकतो. "तू सांग दुसरं काही असेल तर. तू सायन्सवाली."

"बॅटरी नसलेलं मिळतं का बघते," मी म्हणाले. "तोवर तिकीट काढू नकोस."

"आणि परत काही झालं तर?"

"तर काढ."

ज्या खोलीत मामा राहतात ती आम्ही हे घर घेताना मुद्दाम मागून घेतली होती. तीन खोल्यांचं भाडं आम्हा दोघांना जास्त होत होतं, तरी. तिच्या भिंतीला फिकट पिवळा रंग लावला. नंतर तो रंग तसाच राहिला आणि दार बंद राहू लागलं. मला सहावा महिना चालू होता तेव्हा ते झालं, आणि त्याच आठवड्यात गावाहून मथुराआत्यांनी डिंकाचे लाडू पाठवले, बाळंतिणीसाठी, वेळेच्या बरेच आधी, कारण विट्याचा कोणीतरी प्लंबर सुटीवरून परत येत होता आणि पुन्हा एवढा भरवशाचा माणूस मिळाला नसता. डबा माझ्या हातात पडला तेव्हा हॉस्पिटलातून येऊन मला दोन रात्री झाल्या होत्या. मी तो फ्रीजरमध्ये तळाशी ठेवला. फेकणं जमलं नाही आणि खाणंही. मयुरेशला तो दिसत असणार. त्यानं कधी विचारलं नाही. आम्ही बर्फाचा ट्रे त्याच्यावर ठेवत राहिलो. मामा येऊन थोडे दिवस झाले तेव्हा एका संध्याकाळी मी कामावरून आले तर ते स्वयंपाकघरात उभे होते, ओट्यावर तो डबा उघडा, हातात लाडू. डबा त्यांनी ओळखला होता. त्यांच्याच घरचा होता, झाकणावर पोचा पडलेला. "थिजल्यात," ते म्हणाले, "पर खवट न्हाई झालं. हिच्या हातचं कधी खवट व्हायचं न्हाई." त्यांनी तो एक लाडू सावकाश संपवला, झाकण लावलं, डबा होता तिथे परत ठेवला आणि त्यावर बर्फाचा ट्रे. मला एवढंच आठवतं की मी हातातली पर्स बराच वेळ खाली ठेवली नव्हती. त्या रात्रीपासून त्या खोलीचं दार उघडं असतं. आतून खोकल्याचा आवाज येतो, कधी घोरण्याचा, आणि सकाळी आंब्याच्या भुताचा वास.

गुदैबियातलं दुकान इस्त्रीवाल्याच्या आणि खानावळीच्या मधे होतं, आत शिरले तसा एसीनं अंगावरचा घाम गार पडला. काउंटरवर अर्शद नावाचा तरुण होता, कराचीचा. मी त्याला सांगितलं की मला बॅटरी नसलेलं हवं आहे, वायर लावली तरच चालेल असं.

"मॅडम, सारी दुनिया वायर से भाग रही है," तो म्हणाला, "आपको वायर चाहिए?"

"हां."

"ये लीजिए. पासथ्रू. चार्जिंग पे लगा के भी चलता है."

मी ते हातात घेतलं. वजनावरूनच कळलं. "इसमें बॅटरी है."

"है, मगर छोटी है."

"छोटी भी नहीं चाहिए."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "किसके लिए है?"

"ससुरजी के लिए."

"माशाल्ला," तो म्हणाला. "बहू ससुर के लिए सिगरेट लेने आई है. मैंने तो पहली बार देखा." मग तो खाली वाकला, कोणालातरी फोन केला, खालचे खण ओढले, आणि बऱ्याच वेळानं एक मळकी पेटी घेऊन वर आला. आत पेनाएवढी काळी नळी होती. एका टोकाला वायरीसाठी खाच, दुसऱ्या टोकाला द्रवाची कुपी बसवायला आटे, मधे एक बटण. बाकी काही नाही. "पुराना माल है. अब कोई बनाता नहीं. इसको पकड़ के आदमी कहीं जा ही नहीं सकता, कौन लेगा?"

मी ती तळहातावर घेऊन उभी राहिले. खरंच फार हलकी होती. तिच्यात वीज साठायला जागाच नव्हती. भिंतीतून निघायची, वायरीतून यायची, तारेचं वेटोळं तापवायचं आणि संपायचं; बटण सोडलं की आत काही उरत नाही, म्हणून काही फुगत नाही, खिशात जळत नाही. मला ती वस्तू आवडली. एखादी वस्तू आवडून मला बरेच दिवस झाले होते. अर्शदनं तिच्याबरोबर ती कुपी आणि आंब्याच्या स्वादाच्या द्रवाच्या दोन बाटल्या दिल्या आणि म्हणाला, "इंशाल्ला चलेगा." चालेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं; माझ्या लक्षात तेव्हाच आलं की अडचण नळीत नसणार, वायरीत असणार.

मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पडद्यातून दाबून काढलेलं पाणी इतकं स्वच्छ असतं की ते पिण्याच्या लायकीचं नसतं. चव नसते, आणि पाइपचा धातू खाऊ लागतं. त्यात मोजून क्षार परत घालावे लागतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी माझ्या टेबलावर घरातल्या सगळ्या वायरी मांडल्या आणि एकेकीचा रोध मोजला. वायर जितकी लांब आणि बारीक, तितकी वीज वाटेतच तिला तापवण्यात जाते. तीन मीटरच्या वायरीनं मामा बाल्कनीच्या दारापर्यंत जाऊ शकत होते, तिथून खालचा रस्ता दिसतो, मशिदीचा कोपरा, सीफकडे जाणाऱ्या गाड्या. पण टोकाला पोचेपर्यंत निम्मीच ताकद उरत होती. एक मीटरच्या वायरीत जवळजवळ सगळी उरत होती, आणि तिच्या टोकाला फक्त भिंत होती. जाड तारेची लांब वायर मी शोधली. त्या खाचेत बसेल अशी कोणी बनवत नव्हतं. हे सगळं मी कागदाच्या कडेला मांडत होते तेव्हा अकीला येऊन मागे उभी राहिली. अकीला इथलीच, मुहर्रकची, माझ्याच वयाची. आम्ही तिच्याच गाडीनं कामाला येतो-जातो. तिनं इंग्रजीत विचारलं हे काय आहे, मी सांगितलं, आणि ती हसली.

"माझे वडीलही असेच. शीशा ओढतात, म्हणजे हुक्का. नळी जिथवर पोचते तेवढंच त्यांचं जग."

"ती नळी तर केवढी लांब असते."

"ती काय फिरायला लांब असते?" ती म्हणाली. "शेजारच्याला देता यावी म्हणून असते. एकटा माणूस कशाला ओढेल शीशा? यल्ला, चल, तुझा डबा गार होतोय."

आधी मी तीन मीटरची लावली. मामांनी बाल्कनीच्या काचेशी खुर्ची ओढली, नळी तोंडाला लावली, बटण दाबलं. ओढलं. पुन्हा ओढलं. गालांना खळगे पडले. तोंडातून जे निघालं ते काचेपर्यंतही पोचलं नाही. "डाक्टर," ते म्हणाले. मी पीएचडी आहे हे कळल्यापासून ते मला असं म्हणतात. सुई देत नाही, औषध देत नाही, फुकटची डाक्टर. "डाक्टर, ह्यात धूर न्हाई. नुस्ती आठवण हाय." मयुरेश जेवणाच्या टेबलावरून बघत होता. त्याच्या लॅपटॉपवर विमानाच्या वेळांचं पान उघडं होतं, ते मला जाता-येता दिसत होतं. दोन दिवस मामांनी तसंच चालवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगाला तंबाखूचा वास आला, खरा. मी वायर काढली आणि एक मीटरची लावली.

आमच्या हॉलमधला मोकळा प्लग एकच, जमिनीपासून वीतभर, टीव्हीच्या कपाटाच्या बाजूच्या कोपऱ्यात. तिथे सोफा जात नाही. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवलं. मामा त्यावर बसले, कोपऱ्याकडे तोंड करून, कारण दुसरीकडे तोंड केलं तर वायर ताणली जाऊन निघत होती. ढग मात्र चांगला आला, पांढरा, दाट. भिंतीवर आपटून परत त्यांच्याच तोंडावर पसरला. "आता कसं आहे?" मयुरेशनं विचारलं. "ब्येस." मग थोडं थांबून, वळून न बघता: "दावं जरा आखूड झालं. पर ब्येस." मयुरेशनं लॅपटॉप मिटला. प्रश्न सुटला होता. मी त्यांची पाठ बघत होते. एसटी चालवणाऱ्या माणसाची पाठ प्रवाशांना वर्षानुवर्षं दिसत असते, चेहरा नाही. त्या पाठीपुढे घाट असतो, वळणं असतात, समोरून येणारा ट्रक. त्यांनीच एकदा सांगितलं होतं की खंबाटकीच्या चढाला गाडी लागली की ते विडी पेटवत, आणि चढ आणि विडी बरोबर संपत. आता त्या पाठीपुढे स्विच होता. मला दिसत होतं की हे चूक आहे. पण ते वाटत नव्हतं. गणित बरोबर होतं, माणूस जळणार नव्हता, विडी ओढणार नव्हता, खोली रिकामी होणार नव्हती. शेवटचं वाक्य मी मनातही पूर्ण होऊ दिलं नव्हतं, ते आपलं आपण झालं, आणि मी उठून कुकर लावला.

गुरुवारी अकीलानं मला संध्याकाळी बिल्डिंगच्या दाराशी सोडलं. वर आले तर घर शांत होतं. स्टूल कोपऱ्यात होतं आणि त्यावर कोणी नव्हतं. प्लगमध्ये वायर नव्हती. मामांच्या खोलीत चादर घडी घालून ठेवलेली, अंथरुणाला सुरकुती नाही. बाल्कनीत गेले, कठड्यावरून खाली पाहिलं. का पाहिलं ते मला कळलं नाही. बाथरूमचं दार ढकललं. फोन त्यांच्या उशीजवळच होता. मयुरेशला फोन करायला हवा होता. मी हातात फोन घेतला आणि लक्षात आलं की हा फोन म्हणजे तिकीट. मग दाराजवळच्या खिळ्याकडे नजर गेली. माझ्या गाडीची किल्ली नव्हती.

माझी गाडी जुनी आहे, सुटीच्या दिवशीच निघते, एरवी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असते. लिफ्ट खाली जात होती आणि मी आरशात बघत होते. आरशातल्या बाईचं तोंड उघडं होतं. दार उघडलं. ट्यूबलाइटच्या उजेडात गाड्यांच्या रांगा, आणि रांगेच्या टोकाला माझी गाडी, आणि तिच्या सगळ्या काचा आतून पांढऱ्या. मला फक्त तो पांढरा रंग दिसला. मी धावले. माझी चप्पल निघाली ती मागेच राहिली. दार ओढलं आणि अख्खा ढग माझ्या अंगावर आला, गार, गोड, आंब्याचा. त्यात कसलीच धग नव्हती.

"हळू की," आतून आवाज आला. "दार मोडशील."

मामा उजव्या सीटवर बसले होते. या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं. पण त्यांनी जन्मभर उजव्या बाजूनं गाडीत चढायचं एवढंच केलं होतं, आणि आजही ते त्याच दारानं चढले होते. त्यांच्यासमोर काही नव्हतं, डॅशबोर्डचा बंद कप्पा फक्त. तरी पाठ ताठ होती आणि नजर काचेतून पुढे लागली होती. किल्ली अर्धी फिरवलेली होती, इंजिन बंद. मधल्या, सिगारेट पेटवायच्या खाचेत माझा चार्जर, त्यातून एक मीटरची वायर, तिच्या टोकाला काळी नळी. खाचेचं झाकण त्यांनी मांडीवर ठेवलं होतं. त्यावर पेटलेल्या सिगारेटचं छोटं चित्र असतं, जुन्या गाड्यांना असतं तसं.

"गाडी हलवली न्हाई," ते म्हणाले. "लायसन न्हाई मला हितलं, कळतं मला. नुस्ता बसलो. त्या भिंतीम्होरं जीव घुसमटायला लागला गं. हिकडं काच तरी हाय म्होरं."

मी वळसा घालून डाव्या बाजूनं आत बसले आणि दार लावलं. का लावलं माहीत नाही. हात स्टिअरिंगवर ठेवले. समोरच्या काचेवरून पांढरं हळूहळू खाली ओघळत होतं आणि तिच्यामागे खांब दिसायला लागला होता, खांबावर आमच्या फ्लॅटचा नंबर.

"घाबरलीस व्हय?"

"नाही."

"धाप लागलीय की तुला. माझ्यापरीस जास्त वाजाय लागलीस."

मी ऐकलं. खरंच, तो आवाज माझा होता.

"मयुऱ्या येईल आता," मामा म्हणाले. "बघंल ह्ये. तिकीट काढंल. काढू दे. आता तुझ्याशी भांडान नगं त्याचं माझ्यापायी. मला काय, गाव हाय." त्यांनी झाकण मांडीवरून उचललं, चित्रावरून अंगठा फिरवला. "ती खोली तेवढी बंद ठिवू नगा. हिनं जाताना मला सांगितलं हुतं, पोरीच्या घरात एक दार कायम लावल्यालं आस्तं. तुमी जाऊन बसा तिथं. म्हणून आलो मी. इमान काय मला आवडतं व्हय?"

मथुराआत्या या घरात कधीच आल्या नव्हत्या. फोनवरून दार दिसत नाही. पण व्हिडिओ कॉलवर मी त्यांना कितीदा घर दाखवलं होतं, स्वयंपाकघर, बाल्कनी, तुळस, आणि प्रत्येक वेळी त्या दारासमोरून फोन घेऊन पुढे गेले होते. त्या बघत होत्या. त्यांनी कधी विचारलं नाही, त्यांनी माणूस पाठवला.

उतरणीवरून गाडीचे दिवे आत आले, वळले, खांबावरून सरकले. मयुरेशची गाडी. आमच्या शेजारच्याच जागेत ती लागते. मामांनी घाईनं बटणावरचा अंगठा काढला आणि नळी लेंग्याच्या खिशात घालायला लागले, सवयीनं, त्याच मांडीकडे. वायर ताणली गेली.

"द्या इकडे," मी म्हणाले.

"आँ?"

"द्या."

त्यांनी दिली. वायर मधल्या खाचेतून निघून माझ्यापर्यंत आरामात आली, वर थोडी सैलही राहिली. वीज कुठे कमी पडणार नव्हती. एवढ्या अंतरात दोन्ही सीटा बसत होत्या, हे मी मोजलं नव्हतं. मी नळी ओठात धरली. प्लास्टिकला मामांच्या तोंडाची ऊब होती. बटण दाबलं, निळा दिवा लागला, आणि मी ओढलं, खोल, पोहताना श्वास घेतात तसं.

मयुरेशच्या गाडीचं दार वाजलं. तो माझ्या बाजूला आला, वाकला, काचेवर बोटं वाजवली. मी काच खाली केली. मला म्हणायचं होतं की तिकीट काढू नकोस, की इथे मी बसवलं आहे यांना, की आता रोज संध्याकाळी मी गाडी काढणार आहे आणि हे शेजारी बसणार आहेत, अमवाजपर्यंत, समुद्राच्या कडेनं, कुठेही. पण घशात काटेरी असं काहीतरी उतरलं आणि तिथेच अडकलं. ठसका लागला. दुसरा, तिसरा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकातून, थांबेना, मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं तर हॉर्न वाजला आणि सगळं तळघर घुमलं. "इरा," मयुरेश म्हणत होता, "इरा, काय झालं? तात्या, काय झालं हिला?" मी मान न उचलता खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याची बाही घट्ट धरली. "तिकीट," मी म्हणाले, "नाही," आणि पुढचं खोकल्यात गेलं.

माझ्या पाठीवर एक खरखरीत हात पडला, सावकाश फिरू लागला.

"काय न्हाई झालं तिला," मामा मुलाला म्हणाले. "पयल्यांदा आसंच हुतं." आणि दुसऱ्या हातानं त्यांनी वायर सोडवून आणखी थोडी माझ्या बाजूला सरकवली.